पेटी उघडू नये

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं एक जाहीर निवेदन मी कित्येक वर्षं जपून ठेवलं आहे. हैदराबादच्या केंद्रातून संशोधनाचे फुगे सुटायचे असले की असं निवेदन वर्तमानपत्रांत येतं. विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून सुमारे 200 ते 350 किलोमीटरवर, रंगीत पॅराशूटला बांधलेली उपकरणं उतरतील. ती उघडू नयेत, हलवू नयेत. आत उच्च दाबाची वीज असू शकते. पोलीस ठाण्यात किंवा टपाल कचेरीत कळवावं. खर्च मिळेल, बक्षीसही मिळेल. छेडछाड केली तर मात्र नाही. नांदेड, लातूर या अंतरात बसतात. आमचं छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे थोडक्यात हुकलं.

कृष्णविवरांवरच्या भारतीय निरीक्षणांचा इतिहास सांगताना मी या कागदापासून सुरुवात करतो. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायू तापून क्ष-किरण फेकतो, आणि आपलं वातावरण ते वाटेतच गिळतं, म्हणून उपकरणं उंच न्यावी लागतात. 1962 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जाकोनींच्या गटाने अग्निबाण सोडून ‘स्को एक्स-1’ हा क्ष-किरण स्रोत शोधला, ते सर्वश्रुत आहे. 1968 मध्ये हैदराबादहून उडालेल्या फुग्यातल्या उपकरणांनी त्याच स्रोताचा वेध घेतला. फुगा 40 किलोमीटरपर्यंत चढला, तरी डोक्यावर थोडी हवा उरतेच. तिच्यातून साधारण 20 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे प्रखर किरणच पार होतात. बाकीच्यांसाठी अग्निबाण किंवा उपग्रहच हवा.

1968 च्या त्या चमूत पी. सी. अगरवाल होते. आपल्या विज्ञानलेखनात त्यांचं नाव फारसं येत नाही, याचं मला वाईट वाटतं. 21 मार्च 1996 रोजी आयआरएस-पी3 उपग्रहाबरोबर त्यांच्या गटाचे शोधक अवकाशात गेले. ‘जीआरएस 1915+105’ या स्रोताचे क्ष-किरण उद्रेक त्यांनी टिपले: तेज हळूहळू चढतं आणि एकदम कोसळतं. कृष्णविवराच्या घटना-क्षितिजाआड पदार्थ नाहीसा होत असल्याची ही खूण आहे, असं त्या गटाने 1998 मध्ये मांडलं. त्या स्रोतातलं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे बारापट वस्तुमानाचं आहे. पुढे 28 सप्टेंबर 2015 रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह 650 किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावरच्या ‘लॅक्सपीसी’ या क्ष-किरण उपकरणामागेही अगरवालांची मेहनत आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्रात आज त्याच उपग्रहाच्या नोंदींवर तरुण अभ्यासक काम करतात.

उपग्रहाच्या नोंदी रेडिओलहरींवरून येतात, त्यासाठी कुणाच्या शेतात पेटी उतरावी लागत नाही. पण फुग्यांचं उपकरण पुन्हा वापरायचं तर ते धड हाती यावं लागे, आणि ते आधी ज्याच्या बांधावर पडलं त्याच्या हाती असे. शोधनिबंधांच्या आभारयादीत त्याला जागा मिळायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तरुण असलेली माणसं आज वृद्ध आहेत. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लातूर-नांदेडच्या गावांत जावं, जुन्या ठाण्यांतल्या नोंदी पाहाव्यात आणि पॅराशूट कुठे उतरलं, कुणी राखण केली, हे त्या वृद्धांच्याच तोंडून लिहून घ्यावं.