अवसरी खुर्द : पांढरीतून काळीत गेलेले गाव

शेतकरी बंधू-भगिनींनो, जुन्या माणसांनी गावाचे दोन भाग सांगितले आहेत. घरे, देऊळ, चावडी असते ती पांढरी, आणि पिकते ती काळी. दिवसभर काळीत राबायचे नि दिवस मावळला की पांढरीत परतायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्दचे शिवार पाहिले की ही रीत कशी बदलली आणि त्यातून कोणते काम अंगावर आले, ते ध्यानात येते. तुमचेही गाव याच वाटेवर असेल, म्हणून हा लेख.

पुणे-नाशिक रस्त्याने पेठ सोडून अवसरी घाट उतरला की मंचरच्या बाजूला जी सपाटी लागते, त्या भागात हे गाव आहे. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे थोरले. दोन्ही शब्द फारसीतून दप्तरात आले. थोरली अवसरी शेजारीच आहे. पारगावचे नाव सरकारी कागदावर ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ असे लिहितात. तर्फ म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट. तेव्हा अवसरी हे नाव या भागात जुने आणि वजनाचे आहे.

आता पावसाचे बघा. तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेला येऊ तसा तो झपाट्याने कमी होतो. मंचर-अवसरीचा पट्टा या पर्जन्यछायेतला. म्हणून इथली जुनी शेती बाजरी, ज्वारी आणि विहिरीवरच्या थोड्या बागायतीची. चित्र पालटले ते घोड नदीवरील डिंभे धरणाने. कुकडी प्रकल्पातले हे धरण सुमारे साडेबारा टीएमसी उपयुक्त साठ्याचे. जलाशयाला महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव त्या गावाचे, कचेरी मात्र घोडेगावला. खालच्या भागातील प्रत्येक बागायतदाराने एक गोष्ट विसरू नये : आपल्या उसाला मिळणाऱ्या पाण्याखाली कुणाची तरी पांढरी आहे. ते पाणी वाया घालवण्याचा हक्क आपल्याला नाही.

मळ्यातली वस्ती

पाणी आले तसा या पट्ट्यात ऊस वाढला. पारगावला दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बटाटा-कांद्याला मंचरची बाजारपेठ जवळ. मोटार, गोठा, दुधाची गाय सगळे शेतात, मग माणूस गावठाणात राहून काय करणार? घरे मळ्यांवर गेली. त्यातच अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आणि २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. बाहेरगावची शेकडो मुले आली नि जमिनीला बिगरशेती भाव आला. प्रगती झाली हे खरेच. पण शेजार लांबला. पूर्वी पारावर बसल्या बसल्या मिटणारी बाब आता फोनवर अडते.

लांबलेल्या शेजाराची किंमत सगळ्यात जास्त रात्री कळते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या कायमचा राहायला आला आहे. मादी उसातच पिल्ले घालते. एकटे घर, उघडा गोठा आणि रात्रपाळीच्या विजेवर दारे धरणारा एकटा माणूस, ही सगळी धोक्याची जागा. तेव्हा ऊस घराच्या भिंतीला भिडवू नका, मोकळी पट्टी ठेवा. गोठा चारही बाजूंनी बंद करा. लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटे सोडू नका. दारे धरायला शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून जावे. ही आपली जुनी इर्जिकच समजा. तोडणीत पिल्ले दिसली तर हात लावू नका, तोड थांबवा आणि वन विभागाला १९२६ वर कळवा. पिल्ले हलवली की बिथरलेली मादी आसपासच फिरत राहते.

दुसरी बाब रस्त्याची. वस्ती मळ्यात गेली, पण वाट बैलगाडीच्या काळातलीच राहिली. उसाची गाडी, दुधाची गाडी, आजारी माणूस सगळे त्याच वाटेने. चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण अर्जाआधी दोन्ही बांधकऱ्यांनी समोरासमोर बसावे. निकालाने वाट मिळते, शेजार मिळत नाही.

ग्रामसभा म्हणजे नवा पार

ग्रामदैवताच्या यात्रेला, बैलगाड्याच्या घाटावर अख्खे गाव लोटते. म्हणजे माणसे यायला तयार आहेत. हीच माणसे ग्रामसभेला का येत नाहीत? गणपूर्ती फक्त पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली कमी संख्या. तेवढीही न भरल्याने सभा तहकूब होते, हे कुठल्याच गावाला शोभत नाही.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या ग्रामसभेआधी मळावार शिवारफेरी काढा. कोणत्या वस्तीला वाट नाही, कुठली चारी फुटली आहे, कुठे दिवा हवा, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तळ गाठते, हे नकाशावर मांडा. तो नकाशा सभेत भिंतीला लावा. महिलांना आधी बोलू द्या. मळ्यातल्या एकट्या घराची रात्र त्यांना जास्त ठाऊक असते.

बंधू-भगिनींनो, घरे पुन्हा पांढरीत येणार नाहीत आणि तशी गरजही नाही. पण वर्षातून निदान चार वेळा माणसे तरी पांढरीत आली पाहिजेत. कॅनॉलचे पाणी, रात्रीची राखण नि शिवारातली वाट या गोष्टी एकट्याने होणाऱ्या नाहीत.