निवृत्तीनंतरचा पैसा, लेखांक 7 : कॅल्क्युलेटरला काय विचारायचे?

प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कुठे ठेवावी, हे गेल्या लेखात पाहिले. आता त्यातून दरमहा किती काढायचे ते ठरवू. यासाठी बहुतेक जण म्युच्युअल फंडांच्या संकेतस्थळांवरचा एसडब्ल्यूपी (दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची योजना) कॅल्क्युलेटर उघडतात. त्यात पुंजी, दरमहाची रक्कम, अपेक्षित परतावा आणि वर्षे भरली की उत्तर तयार.

समजा, पुंजी 1 कोटी, दरमहा 50 हजार, परतावा 8 टक्के आणि मुदत 20 वर्षे. उत्तर येते की वीस वर्षे पैसे काढूनही पावणेदोन ते दोन कोटी शिल्लक राहतील. गणित बरोबर आहे. वर्षाला 8 लाख मिळतात, 6 लाख जातात, उरलेले वाढत राहते. पण या हिशेबात विसाव्या वर्षीही घर 50 हजारांतच चालते. महागाई 6 टक्के धरली, तर त्याच घराला वीस वर्षांनी महिना 1 लाख 60 हजार लागतील. म्हणून काढायची रक्कम दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवून पाहा. वर्षभराचा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच काढला, तर विसाव्या वर्षीचा पूर्ण खर्चही पुंजीतून निघत नाही. साठीला निवृत्त झालेल्याचे वय तेव्हा 79 असते, आणि औषधपाण्याचा खर्च वाढण्याचे ते वय.

त्यामुळे रक्कम दरवर्षी वाढवण्याचा रकाना असलेलाच कॅल्क्युलेटर वापरा. तो नसेल तर परताव्यातून महागाई वजा करून 8 ऐवजी 2 टक्के भरा. मग येणारे उत्तर आजच्या रुपयांतले असते आणि वास्तवाच्या बरेच जवळ जाते.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. कॅल्क्युलेटर दरवर्षी सारखाच परतावा धरतो. बाजार तसा चालत नाही. 2007 अखेर सेन्सेक्स 20,287 वर होता. 2008 अखेर तो 9,647 वर आला, 2009 अखेर 17,465 वर गेला आणि 2010 अखेर 20,509 झाला. ज्याने काहीच काढले नाही, त्याची पुंजी तीन वर्षांत भरून आली. आता दरवर्षीच्या सुरुवातीला 6 लाख काढणाऱ्याचा हिशेब करा. लाभांश सोडून दिला, तर त्याच्या 1 कोटीचे सुमारे 75 लाख राहतात. हीच तीन वर्षे उलट क्रमाने आली असती, तर 87 लाख राहिले असते. सरासरी तीच, काढलेली रक्कम तीच, तरी 12 लाखांचा फरक. पडलेल्या भावात विकलेली युनिट्स बाजार सावरला तरी परत येत नाहीत, म्हणून निवृत्तीची पहिली काही वर्षे सर्वांत नाजूक.

अमेरिकेतले नियोजनकार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये नेमके हेच तपासले. सरासरी न धरता त्यांनी 1926 पासूनची प्रत्यक्ष वर्षे एकामागून एक लावून पाहिली. पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढून पुढे महागाईइतकी वाढ केली, तर वाईट काळातही पैसा 30 वर्षे टिकला, असे त्यांना आढळले. तो 4 टक्क्यांचा नियम आपल्याकडे सर्रास सांगितला जातो. पण तो अमेरिकेतले शेअर, रोखे आणि तिथली महागाई यांवर बेतलेला आहे. आपल्याकडे तो हमी म्हणून वापरू नये. त्यांची पद्धत मात्र जरूर घ्यावी.

त्यासाठी तोच कॅल्क्युलेटर तीनदा चालवा. एकदा तुमच्या अंदाजाने, एकदा परतावा 2 टक्क्यांनी कमी करून, आणि एकदा पुंजी सुरुवातीलाच 30 टक्क्यांनी घटवून. तिसऱ्या वेळीही पैसा पुरत असेल, तरच ती रक्कम काढायला घ्या. नाही पुरला, तर पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च बाजाराबाहेर ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल 2023 पासून 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि ठेवतानाचा व्याजदर पाच वर्षे बदलत नाही. व्याजावर कर लागतो आणि बरेच कॅल्क्युलेटर तो धरत नाहीत. म्हणून काढायच्या रकमेत करही मिळवा.

आणि वर्षांच्या रकान्यात केवळ स्वतःचे वय धरू नका. पत्नी पाच वर्षांनी लहान असेल, तर तिच्या नव्वदीपर्यंतची वर्षे भरा. हा हिशेब तिच्याबरोबर बसूनच करा; पुढे कदाचित तो तिला एकटीला सांभाळावा लागेल.