प्रवाशाच्या पायाखालची तुळई

विमानाच्या अभियांत्रिकीचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात पंख आणि इंजिने येतात, आणि आतल्या भागाचा विचार सीटची रुंदी व जेवणाचा ट्रे यांच्यापुढे सहसा जात नाही. प्रत्यक्षात केबिनची जमीन, सीट, भिंतीचे तक्ते, डोक्यावरचे सामानाचे कप्पे, स्वच्छतागृह आणि या सर्वांच्या मागून धावणाऱ्या तारा यांची रचना पंखांइतक्याच कठोर नियमांनी बांधलेली असते, आणि त्यांतले कितीतरी नियम एखाद्या दुर्घटनेच्या चौकशीतून आलेले असतात. महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध दोन ठिकाणी येतो: थेट संबंध नागपूरच्या मिहान प्रकल्पात, आणि जरा आडवाटेचा, परंतु उदगीर-लातूरच्या वाचकाला अधिक जवळचा, लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात.

मिहानमध्ये टाटा समूहातील टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स या कंपनीने बोइंग ७८७ ड्रीमलायनर या विमानासाठी कार्बन तंतूंच्या तुळया बनवण्याचे काम उभे केले. विमानाचे धड म्हणजे एक पोकळ नळी असते. तिच्या आत आडव्या तुळया बसवल्या जातात, तुळयांवर लांबीच्या दिशेने धातूचे रूळ टाकले जातात, त्या रुळांत सीटचे पाय अडकवले जातात, आणि उरलेली जागा तक्त्यांनी झाकून वर गालिचा अंथरला जातो. या रुळांना इंचाइंचावर खाचा असल्यामुळे विमान कंपनीला दोन रांगांमधले अंतर इंचाच्या हिशेबाने कमीजास्त करता येते. पाय ठेवायला जागा पुरत नाही ही प्रवाशाची तक्रार शेवटी या खाचांपाशीच येऊन पोचते.

तुळईचे काम केवळ भार पेलण्यापुरते मर्यादित नाही, हे ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ सिद्ध झाले. टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचा मालकक्षाचा दरवाजा हवेत उघडला, खालच्या कक्षातली हवा क्षणात निघून गेली, वरच्या केबिनमधली हवा मात्र तशीच दाबाखाली राहिली, आणि त्या फरकाने मागच्या भागातली जमीन खचली. जमिनीखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या केबल त्यात निकामी झाल्या आणि विमानातील ३४६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर मोठ्या विमानांत वरच्या व खालच्या कक्षांतील दाब झटकन समान व्हावा यासाठी जमिनीत झरोके ठेवणे सक्तीचे झाले.

पूर्वी या तुळया ॲल्युमिनियमच्या असत, आणि स्वयंपाककक्ष व स्वच्छतागृह यांच्या खाली पाझरणाऱ्या ओलाव्याने त्या गंजत असत. ड्रीमलायनरच्या रचनेच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन संयुक्त पदार्थांचे, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंचे आहे. राळ मुरवलेले तंतूंचे थर ठरावीक दिशांनी एकावर एक रचायचे, मग उष्णता आणि दाब देऊन ते पक्के करायचे, आणि आत कुठे पोकळी राहिली आहे काय हे ध्वनिलहरींनी तपासायचे, अशी ही प्रक्रिया असते. धातूत तडा बहुधा पृष्ठभागावर दिसतो, तर इथे थर आतल्या आत सुटू शकतात, म्हणून तपासणीला निर्मितीइतकेच महत्त्व येते. धडच अशा पदार्थाचे असल्याने ते गंजत नाही आणि दाबाच्या चढउतारांनी लवकर थकत नाही. परिणामी केबिनमध्ये अधिक दाब आणि अधिक आर्द्रता ठेवता येते. जुन्या विमानांत प्रवाशाला सुमारे ८,००० फूट उंचीवरची हवा मिळत असे, ड्रीमलायनरमध्ये ती ६,००० फुटांची, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोड्याच अधिक उंचीची असते, आणि लांबच्या प्रवासानंतर जाणवणारा थकवा त्यामुळे काहीसा कमी होतो. मिहानमध्येच दसॉल्ट आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीत फाल्कन २००० या खासगी जेट विमानाचे भाग तयार होतात, आणि जून २०२५ मध्ये या विमानाची अंतिम जोडणीही तेथेच करण्याची घोषणा झाली आहे.

सीटची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. आधुनिक विमानाच्या सीटला पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट धक्का सोसावा लागतो. ७० किलो वजनाच्या माणसाचा भार त्या क्षणी ११२० किलोइतका होतो. चाचणीत सीटवर मानवी पुतळा बसवून ती घसरगाडीवर वेगाने आदळवली जाते, आणि अपघातात जमीनही वाकडी होणार हे गृहीत धरून रूळ आधीच दहा अंशांनी पिळलेले असतात. सीट न तुटणे पुरेसे नसते. तिने धक्क्यातली ऊर्जा स्वतः वाकून शोषली पाहिजे, आणि पुतळ्याच्या डोक्याला बसणारा मार ठरवून दिलेल्या मर्यादेत राहिला पाहिजे. वरच्या वर्गातील पलंगासारखी उघडणारी, दार आणि पडदा असलेली सीट या परीक्षेतून नेणे इतके वेळखाऊ आहे की अलीकडच्या वर्षांत तयार झालेली ड्रीमलायनर विमाने सीटच्या प्रमाणपत्रासाठी थांबून राहिली, आणि एअर इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेला ४० कोटी डॉलरचा केबिन नूतनीकरणाचा कार्यक्रमही सीटच्या पुरवठ्याअभावी रेंगाळला.

आगीविरुद्धच्या नियमांमागे २ जून १९८३ ची एअर कॅनडाच्या विमानाची घटना आहे. मागच्या स्वच्छतागृहाच्या परिसरात आग लागलेले हे विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरले, परंतु दारे उघडून दीड मिनिट होण्याच्या आतच केबिन पेटली आणि ४६ पैकी २३ जण दगावले. त्यानंतर सीटच्या फोमभोवती अग्निरोधक आवरण आले, धुरात वाट दाखवणारे दिवे जमिनीलगत आले, आणि भिंतीचे तक्ते जळताना किती उष्णता सोडतील यावर मर्यादा आली. हे तक्ते मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांच्या कागदी गाभ्यावर दोन्ही बाजूंनी काचतंतूंचे पातळ थर चिकटवून बनवतात. हा कागद साधा नसून उष्णता सोसणाऱ्या अरामिड तंतूंचा असतो. निम्मी दारे बंद धरून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत ही अटही याच विचारातली आहे. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए३८० मधून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली होती.

ते विमान या परीक्षेत उत्तीर्ण झाले, पण अडखळले ते तारांपाशी. ए३८० मध्ये सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा आहेत, आणि केबिनमधल्या तारांची मांडणी प्रत्येक विमान कंपनीच्या पसंतीनुसार बदलते. जर्मनीतील आणि फ्रान्समधील अभियंते एकाच आरेखन-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. परिणामी जर्मनीत तयार झालेले तारांचे जुडगे फ्रान्समध्ये धडात बसवताना आखूड पडू लागले आणि सबंध कार्यक्रम सुमारे दोन वर्षे मागे पडला. तारांची चूक याहून महाग पडल्याचेही उदाहरण आहे: सप्टेंबर १९९८ मध्ये स्विसएअरचे विमान २२९ जणांसह समुद्रात कोसळले, तेव्हा छतावरच्या तारांमधली ठिणगी आणि त्यालगतच्या उष्णतारोधक आवरणाने धरलेला पेट यांपर्यंत तपास पोचला. त्या ठिणगीत मनोरंजन यंत्रणेच्या तारेचा संबंध असण्याची शक्यता चौकशीने नोंदवली आहे.

लातूरचा कोच कारखाना इथे येतो तो आतल्या मांडणीच्या आणि तारांच्या याच प्रश्नामुळे. हरंगूळजवळच्या या कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचे कवच तेथून बाहेर पडले. पुढे २०२३ मध्ये रेल विकास निगम आणि रशियातील ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या किनेट या कंपनीशी या कारखान्यात बनवायच्या वंदे भारत स्लीपर गाड्यांचा करार झाला: १६ डब्यांच्या १२० गाड्या, म्हणजे १,९२० डबे. नंतर हेच डबे २४ डब्यांच्या ८० गाड्यांत विभागण्याचे ठरले, आणि मध्यंतरी स्वच्छतागृहे, भटारखाना व सामानाची जागा यांच्या मांडणीवरची चर्चाही गाजली. बाहेरच्या वाचकाला ही किरकोळ बाब वाटेल. पण स्वच्छतागृह हलवले की पाण्याची टाकी, मैल्याची टाकी, नळ, तारा आणि कधी खिडकीही हलवावी लागते, हे ए३८० च्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

विमान आणि या गाड्या यांतले साम्य वरवरचे नाही. विमानाच्या स्वच्छतागृहात पाण्याऐवजी हवेच्या दाबाचा फरक मैला ओढून नेतो, आणि तेच निर्वात तत्त्व वंदे भारतच्या स्वच्छतागृहांत वापरले जाते. स्लीपर गाडीच्या आतल्या सामग्रीला आगीसंबंधीच्या ईएन ४५५४५ या युरोपीय मानकाची सर्वांत कडक पातळी लावलेली आहे, त्यामुळे बर्थच्या गादीपासून छताच्या तक्त्यापर्यंत प्रत्येक वस्तूचा धूर आणि ज्वाला मोजावी लागते. फरक वजनाचा आहे: विमानात एक किलो वाचवण्यासाठी पोळ्याचा गाभा परवडतो, रेल्वेत तेवढी निकड नसते, त्यामुळे काचतंतूंचे साचेबंद तक्ते पुरतात.

उदगीरहून विकाराबादकडे किंवा लातूर रोडकडे जाणाऱ्या प्रवाशाला या कारखान्याची ओळख गाडीच्या रंगावरून होईल. रोजगाराच्या दृष्टीने मात्र कवचापेक्षा आतल्या जोडणीकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. कवचाचे वेल्डिंग बऱ्याच अंशी यंत्रमानवाकडे सोपवता येते. तारांचे जुडगे आराखड्याबरहुकूम ओवणे, प्रत्येक जोडाची तपासणी करणे, तक्ते मिलिमीटरच्या हिशेबाने बसवणे आणि बोल्ट ठरलेल्या बळानेच आवळून त्याची नोंद ठेवणे हे काम मोठ्या प्रमाणात अजूनही माणसाच्या हातांनी होते. वैद्यकीय प्रवेशाच्या गुणांसाठी राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या या कौशल्याची चर्चा तुलनेने फारच कमी होते.