पाच इंचांची रेघ

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मागच्या रविवारी दोन पेठांचा सामना होता. शेवटच्या मिनिटांत चेंडू गोलरेषेवर आला, गोलकीपरनं झडप घालून तो ओढला आणि अर्धी गॅलरी 'गोल!' म्हणत उठली. पंचांनी खाली रेघेकडे बोट दाखवलं. चेंडू अख्खा रेघ ओलांडून गेला तरच गोल. एवढ्या गर्दीला गप्प करणारी रेघ मारतं कोण, हे बघायला पुढच्या सामन्याच्या दिवशी मी पहाटेच मैदान गाठलं.

"फक्की दवावर बसती," रेघा मारणारे मामा म्हणाले. "ऊन चढलं की वाऱ्यानं उडाली म्हणायची." ओल्या गवताचा आणि फक्कीचा एकत्र वास आला आणि शाळेतली धावण्याची शर्यत आठवून पोटात गोळा आला.

कोपऱ्याचा काटकोन ते गाठी मारलेल्या दोरीनं काढतात: तीन हात, चार हात, पाच हात. पायथागोरस मला आजवर इतका नीट कुणी दाखवला नव्हता. पेनल्टीच्या ठिपक्यावर खिळा रोवून 9.15 मीटर दोरी फिरवली, मोठ्या डीच्या बाहेर कमान उमटली. पेनल्टी मारताना बाकीच्यांनी चेंडूपासून तेवढं लांब राहायचं असतं. बाकी रेघा भराभर झाल्या. गोलरेषेवर मात्र मामा गुडघ्यांवर बसले.

"पाच इंच. खांबाची रुंदी तेवढीच रेघंची. कमी न्हाई, जास्त न्हाई."

पूर्वी चुना मारायचे, पडलेल्या पोराची कातडी भाजायची, हे सांगताना त्यांचा हात थांबला होता.

पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा: इथल्या संघांच्या नावात अजून तालीम आहे. तालमीत लाल माती चाळून, मळून तयार करणाऱ्या हाताला मान असतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या अभिमानात मामांचा वाटा धरायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी मध्यंतराला हलगी टिपेला गेली होती. गोलतोंडाशी बुटांनी रेघ पार विस्कटलेली. मामा बादली घेऊन आले, वाकले आणि माप लावून पुन्हा फक्की सोडू लागले. पाच इंच.