सेटिंगचे दोन तास

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या आतल्या गल्लीत एकाच प्रकारची शेड पुन्हा पुन्हा दिसते. पुढे दोन-तीन सीएनसी, मागे जुना लेथ आणि ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात तपासणीचं टेबल, दहा-पंधरा माणसं. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणारी एक मधली कंपनी, आणि तिला पार्ट करून देणारा हा व्हेंडर. मशीन सहसा बंद दिसत नाही, ओव्हरटाइम चुकत नाही, क्रेट इतके साठलेले असतात की त्यांच्यामधून वाट काढावी लागते. तरीही संध्याकाळी खरेदी विभागाचा फोन येतोच. हवा तो पार्ट पोचलेला नाही, उद्या लाइन थांबेल. शेडमध्ये हजारो नग पडलेले असतात आणि नेमका तोच नसतो.

सगळे राबत असताना माल वेळेवर का जात नाही, या प्रश्नाचं सर्वांत पद्धतशीर उत्तर ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’ने दिलं आहे. आपल्याकडे तिच्याविषयी दोन समज घट्ट आहेत. ती मोठ्या कारखान्यांना परवडणारी चैन आहे, हा पहिला. ती माणसं कमी करण्याची युक्ती आहे, हा दुसरा. तिचा इतिहास पाहिला तर दोन्ही समज टिकत नाहीत. छोट्या शेडला ही पद्धत मोठ्या कंपनीइतकीच, किंबहुना अधिक मानवते, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी सुरुवात योग्य जागी करावी लागते, आणि वाचलेल्या वेळेचा हिशेब कामगाराशी प्रामाणिकपणे करावा लागतो.

कोरोमोचं मशीन शॉप

या पद्धतीचं मूळ कापडाच्या मागावर आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी 1924 मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या वाचकाला याचं मोल वेगळं सांगायला नको. साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला आणि विणकराचं लक्ष दुसरीकडे असलं, की सदोष कापड विणलं जातच राहतं. साकिचींच्या मागाने ही राखण यंत्राकडे सोपवली, त्यामुळे एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी केली.

ताइइची ओनो हे टोयोडांच्या कापड गिरणीतून 1943 मध्ये मोटर कंपनीत आले. युद्धानंतर कोरोमो गावातल्या कारखान्याचं मशीन शॉप त्यांच्याकडे होतं. तिथे लेथवाला फक्त लेथ चालवी, ड्रिलिंगवाला फक्त ड्रिलिंग. कट चालू असेपर्यंत माणूस मशीनकडे बघत उभा. ओनोंनी 1947 मध्ये दोन मशीन शेजारी किंवा काटकोनात मांडून एका माणसाकडे दिली. 1949-50 पर्यंत मशीन कामाच्या क्रमाने लावून तीन-चार एकाच माणसाकडे आली. जुन्या, कसबी कामगारांनी याला कडवा विरोध केला, हे ओनोंनी 1978 च्या आपल्या पुस्तकात स्वतः नोंदवलं आहे.

याच काळात टोयोटा बुडायच्या बेतात होती. गाड्या खपत नव्हत्या, बँकांच्या कर्जावर कंपनी तगून होती. 1950 मध्ये संप झाला, दोन हजारांहून अधिक कामगारांना कंपनी सोडावी लागली आणि किइचिरो यांनी राजीनामा दिला. न खपणारा माल करून ठेवणं म्हणजे हातातली रोकड लोखंडात अडकवणं, हा धडा तिथे कायमचा गिरवला गेला. पुढच्या विभागाने जेवढं उचललं तेवढंच मागच्याने करायचं, ही पद्धत ओनोंनी आधी आपल्या मशीन शॉपमध्येच राबवून पाहिली. त्यासाठीची चिठ्ठी म्हणजे कानबान. ती सगळ्या कंपनीत रुजायला सुमारे दहा वर्षं लागली. ‘लीन’ हे नाव तर फार नंतरचं. जॉन क्राफचिक यांनी 1988 च्या एका लेखात ते वापरलं आणि 1990 मध्ये वोमॅक, जोन्स व रूस यांच्या पुस्तकाने ते जगभर नेलं.

म्हणजे ही पद्धत वैभवात जन्मलेली नाही. भांडवल नाही, नवी मशीन घ्यायला पैसा नाही, गिऱ्हाइकाला थोडा थोडा पण नाना प्रकारचा माल हवा, अशा अडचणीत ती घडली. आपल्या छोट्या शेडची अडचण याहून वेगळी नाही.

हरवलेला बोल्ट

ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, साठा, माणसाची नको ती हालचाल आणि रिजेक्शन. प्रशिक्षण वर्गांत हे सात पाठ होतात. शेडमध्ये परतल्यावर कुठून सुरू करायचं, ते मात्र कळत नाही. माझं उत्तर असं: सेटिंगपासून, म्हणजे एका जॉबवरून दुसऱ्यावर जाताना मशीन तयार करण्याच्या कामापासून. कारण साठा आणि जादा उत्पादन ही दोन्ही बहुतेक वेळा लांबलेल्या सेटिंगची अपत्यं असतात.

शिगेओ शिंगो या अभियंत्याचा 1950 चा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. हिरोशिमात माझ्दा गाड्या बनवणाऱ्या तोयो कोग्यो कंपनीत मोठ्या प्रेसमुळे काम तुंबत होतं. शिंगो डाय बदलण्याचं काम उभं राहून बघत होते. डाय बसवायचा एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधायला गेला आणि तासाहून जास्त वेळाने दुसऱ्या मशीनचा बोल्ट घेऊन, तो कापून-आटे पाडून परतला. तेवढा वेळ प्रेस उभी. शिंगोंनी यावरून सेटिंगच्या कामाचे दोन भाग केले. काही कामं मशीन थांबल्यावरच करता येतात. बाकीची मशीन चालू असतानाच उरकता येतात. आपण दुसरी कामंही मशीन थांबवून करतो, वेळ तिथे जातो. 1969 मध्ये टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग याच विचाराने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

आता आपल्या सीएनसीकडे या. एका जॉबवरून दुसऱ्यावर जायला दोन तास लागतात, असं धरू. मोबाइल स्टँडवर लावून ते दोन तास चित्रित करा आणि सेटर-ऑपरेटरसोबत बसून बघा. ड्रॉइंग ऑफिसमध्ये आहे. सॉफ्ट जॉ कुठल्या खणात ठेवले ते आठवत नाही. इन्सर्ट संपले म्हणून कपाटाची किल्ली हवी. ॲलन की शेजारच्या मशीनवर. पहिला नग तपासणीला गेला, पण गेज दुसऱ्या लॉटसाठी वापरात. प्रत्यक्ष चकचे जॉ बदलणं, टूल लावणं, ऑफसेट देणं यांना लागणारा वेळ त्यामानाने थोडाच असतो.

यावरचे उपाय फार खर्चाचे नाहीत. पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, जॉ, टूल होल्डर, इन्सर्ट, गेज हे सगळं आधीचा लॉट संपण्यापूर्वी एका ट्रॉलीवर मशीनपाशी आणून ठेवायचं. प्रत्येक जॉबच्या जॉवर नंबर ठोकायचा. सगळ्या जॉबना लागणारी टूल टरेटवर कायमच्या ठरलेल्या जागी ठेवायची. पहिल्या नगाच्या तपासणीला बाकी सगळ्या तपासण्यांच्या आधी मान द्यायचा.

चार जॉबचं गणित

समजा, एका मशीनवर चार प्रकारचे जॉब चालतात आणि एका नगाला दीड मिनिट लागतं. सेटिंग दोन तासांचं असेल, तर मालक साहजिकच मोठा लॉट लावतो. 800 नगांची 1200 मिनिटं आणि सेटिंगची 120. म्हणजे एका नगावर सेटिंगचा बोजा 0.15 मिनिट. आता सेटिंग अर्ध्या तासावर आलं, तर 200 नगांच्या लॉटवरही बोजा तितकाच पडतो: 30 भागिले 200, पुन्हा 0.15. लॉट चौथाई झाला आणि नगाचा खर्च एका पैशानेही वाढला नाही.

याचा परिणाम वेळेवर बघा. पूर्वी चारही जॉब एकदा फिरून यायला 4 गुणिले 1320, म्हणजे 88 तास लागायचे. दोन पाळ्यांच्या 16 तासांच्या हिशेबाने साडेपाच दिवस. आता तीच फेरी 22 तासांत, दीड दिवसाच्या आत पुरी होते. खरेदी विभागाला हवा असलेला पार्ट पुढच्या आठवड्याऐवजी परवा मशीनवर येतो.

याला जोड आहे ती जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमाची. शेडमध्ये अर्धवट पडलेल्या नगांना रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागलं, की एका नगाचा शेडमधला सरासरी मुक्काम निघतो. 6000 नग आत आणि रोज 400 बाहेर, तर मुक्काम 15 दिवस. आतले नग 2000 वर आणा, मुक्काम 5 दिवसांवर येतो. एकही मशीन जादा पळवावं लागत नाही. कच्च्या मालात घातलेला पैसाही तितकाच लवकर बिलापर्यंत पोचतो. गुणवत्तेचंही तसंच. बोअर दोन शतांश मिलिमीटरने मोठं गेलं आणि ते पुढच्या ऑपरेशनला कळलं, तर 200 नग धोक्यात की 800, हे लॉटच ठरवतो.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. कानबान फिरून फिरून येणाऱ्या जॉबला चालतं. डाय-मोल्ड करणाऱ्या किंवा दुरुस्तीची कामं घेणाऱ्या शेडमध्ये दर वेळी काम नवं असतं. तिथे एका वेळी किती कामं उघडायची यावर बंधन घालावं. एक बाहेर पडल्याशिवाय दुसरं आत घ्यायचं नाही, एवढा नियम पाळला तरी तुंबलेली शेड वाहती होते.

पांढऱ्या पट्ट्यांची भूल

बऱ्याच शेडमध्ये लीन फाइव्ह एसच्या, म्हणजे जागा आवरून स्वच्छ ठेवण्याच्या, फलकाने सुरू होतं आणि तिथेच संपतं. जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओढल्या जातात, ऑडिटच्या आदल्या दिवशी झाडलोट होते. आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला मशीन पुसून, बर काढून, तेलपाणी करून पूजा होते. त्या दिवशी कधी गळणारं ऑइल सील दिसतं, कधी सैल झालेला बोल्ट हाती लागतो, कधी वर्षभर न सापडलेला पाना मशीनखाली मिळतो. पुसणारा हात हा तपासणारा हात असतो, हे आपल्या कामगाराला ठाऊक आहे. फाइव्ह एसचा गाभा तोच आहे आणि तो रोजच्या दहा मिनिटांत उतरायला हवा. पट्टी ओढायची ती सेटिंगची ट्रॉली त्याच जागी मिळावी म्हणून. कारणाशिवाय ओढलेली पट्टी महिन्याभरात क्रेटखाली जाते.

वाचलेला वेळ कुणाचा?

सगळ्यात नाजूक प्रश्न हा. सेटिंगचा दीड तास कसा वाचवायचा हे सेटरला आणि ऑपरेटरला सर्वांत चांगलं कळतं. ते त्यांनी का सांगावं? वेळ वाचला की ओव्हरटाइम जाणार, कदाचित शेजाऱ्याची नोकरी जाणार, अशी धास्ती असेल तर ते गप्प बसतील आणि ते योग्यच करतील. नगावर मजुरी असेल तर अडचण आणखी वाढते. ज्याचा पगार नगांवर ठरतो तो गरजेपेक्षा जास्त नग काढणारच, आणि सेटिंग बदलायला नाखूश असणारच. दोष माणसाचा नाही, मजुरीच्या रचनेचा आहे.

टोयोटा 1950 च्या संपातून हे महागात शिकली. 1962 मध्ये तिथे व्यवस्थापन आणि कामगार संघटनेने परस्पर विश्वासाच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. छोट्या शेडमध्ये जाहीरनाम्याची गरज नसते. मालकाने सगळ्यांसमोर तोंडी शब्द द्यावा आणि पाळावा: या सुधारणेमुळे कुणाचं काम जाणार नाही, ओव्हरटाइमचं बुडणारं उत्पन्न पगारात भरून निघेल, मोकळ्या वेळात नवं काम आणू आणि त्यातला वाटा मिळेल. इथे छोट्या शेडला मोठा फायदा आहे. मालक आणि हेल्पर एकमेकांना नावाने ओळखतात, दुपारचे डबे बऱ्याचदा एकाच टेबलावर उघडतात. दिलेला शब्द पाळला की नाही, हे चार दिवसांत सगळ्यांना कळतं.

ढकललेला साठा

मोठ्या कंपन्यांनाही काही सांगणं आहे. आपल्या गोदामातला साठा शून्यावर आणायचा आणि व्हेंडरला मात्र पंधरा दिवसांचा माल तयार ठेवायला लावायचा, याला लीन म्हणत नाहीत. साठा फक्त भिंतीपलीकडे गेला आणि त्याचं व्याज ज्याला सर्वांत महाग कर्ज मिळतं त्याच्या माथी बसलं. शेड्यूल रोज बदललं तर व्हेंडरची शहाणी माणसंही पुन्हा मोठे लॉट लावू लागतात.

पैशाचंही तेच. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. प्राप्तिकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2024 पासून, मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. शेडमधला माल 15 दिवसांऐवजी 5 दिवसांत बाहेर काढण्याची सगळी मेहनत, बिल चार महिने थकलं तर वाया जाते.

सरकारी मदत उपलब्ध आहे. केंद्राने छोट्या उद्योगांसाठी लीनची योजना 2009 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणली. 10 मार्च 2023 रोजी तत्कालीन मंत्री नारायण राणे यांनी तिचं नवं रूप जाहीर केलं. त्यात प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा तीन पायऱ्या आहेत आणि सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भार केंद्र उचलतं. उद्यम नोंदणी असलेल्या कारखानदाराने तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र सल्लागार आठवड्यातून एकदा येतो, मालक रोज असतो. ओनो नव्या अभियंत्याला जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात उभं करून तासन्तास काम बघायला लावत. हे बघणं मालकाला दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

एक मशीन निवडावं, ज्याच्यापुढे सर्वांत जास्त माल तुंबतो ते. त्याचं सेटिंग चित्रित करावं, अर्ध्यावर आणावं, आणि मग लॉटही खरोखर अर्धा करावा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. वाचलेल्या वेळेत आणखी नग काढतात आणि साठा होता तिथेच राहतो. ते मशीन स्थिरावल्यावर दुसरं घ्यावं. टोयोटाला स्वतःच्या चार भिंतींत दहा वर्षं लागली, तेव्हा पंधरा माणसांच्या शेडने एका मशीनला सहा महिने दिले तर ते उशीर करणं ठरत नाही. नवं मशीन कर्ज काढून घेण्याआधी हे सहा महिने द्यावेत, कारण ज्या क्षमतेसाठी कर्ज काढायचं, तिचा बराचसा भाग सेटिंगच्या त्या दोन तासांत आधीच दडलेला असतो.