एका संगणकावरचा धडा साऱ्या वर्गाला

दापोली तालुक्यातल्या एखाद्या डोंगरकपारीच्या शाळेत आपण बसलो आहोत असे समजा. गुरुजींनी रात्री जागून आपल्या संगणकावर इतिहासाचा धडा वेबपानांच्या रूपाने तयार केला आहे. त्यात हर्णैच्या सुवर्णदुर्गाची चित्रे आहेत, नकाशा आहे, शेवटी दहा प्रश्न आहेत. संगणकावर पान झकास उघडते. मुलांनी घरून आणलेले पाच-सहा मोबाइल बाकांवर मांडलेले आहेत. गुरुजी फळ्यावर पत्ता लिहितात : लोकलहोस्ट, पुढे दोन टिंबे, आणि मग ८०००. मुले इंग्रजी अक्षरांत तो टिपतात. आणि काय आश्चर्य! एकाही मोबाइलवर पान येत नाही.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “गुरुजी, रेंज नाही म्हणून असेल.” गुरुजींनाही ते पटते. पण खरी गोष्ट तशी नाही. या कामाला बाहेरच्या इंटरनेटची मुळीच गरज नसते. हा मुद्दा आपल्या कोकणात किती मोलाचा आहे ते आधी पाहू.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले आणि दापोली-मंडणगडातल्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या करून गेले. विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. त्या वर्षी करोनामुळे शाळाही बंद, आणि शिक्षण मोबाइलवरून व्हायचे होते. ज्याचा धडा दूरच्या शहरातल्या यंत्रावर ठेवलेला, त्याचा धडा त्या दिवसांत हाती लागणार कसा? पण जो धडा गावातल्याच संगणकावर आहे, तो संगणकाची बॅटरी टिकेल तोवर शेजारच्या मोबाइलला देता येतो. मनोरा उभा असो वा पडो. मात्र तो कसा द्यायचा हे ठाऊक पाहिजे.

तर मग गुरुजींचे चुकले कुठे? मराठीच्या शिक्षकांना हे चटकन समजेल. लोकलहोस्ट हे विशेषनाम नव्हे, ते सर्वनाम आहे. त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. आकड्यांत तोच पत्ता १२७.०.०.१ असा लिहितात. संगणकाने ‘लोकलहोस्ट’ म्हटले की तो स्वतःशीच बोलतो. तो निरोप यंत्राच्या बाहेर पडतच नाही. आता हाच शब्द मुलाच्या मोबाइलवर लिहिला, तर तिथला ‘मी’ कोण? तो मोबाइल! तो आपल्याच पोटात धडा शोधतो, आणि तिथे तो असणार नाही हे उघड आहे. “मला भेटा” असे फळ्यावर लिहून ठेवले तर वाचणाऱ्याने कोणाला भेटायचे? म्हणून पहिली गोष्ट अशी, की सर्वनाम सोडायचे आणि संगणकाचा खरा पत्ता द्यायचा.

हा खरा पत्ता वर्गातला वाय-फायचा राउटर देतो. राउटर नसेल तर ज्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आहे तो देतो. विंडोजच्या संगणकावर आज्ञा लिहिण्याच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत लिहिला की तो पत्ता दिसतो. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. कधी १० ने किंवा १७२ ने. हे पत्ते आपल्या गावच्या पत्त्यांसारखे असतात. ‘खालची आळी, तिसरे घर’ एवढे सांगितले की गावातला माणूस बरोबर पोचतो; पण खालची आळी गावोगाव असते, म्हणून मुंबईच्या माणसाला तेवढ्यावरून काही कळत नाही. तसेच १९२.१६८ चे पत्ते घरोघर, शाळोशाळी तेच असतात आणि ज्याच्या त्याच्या कुंपणाच्या आत चालतात. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सारे मिळून सुमारे ४२९ कोटीच. ते पुरणार नाहीत हे ओळखून आतल्या वापराचे हे पत्ते राखून ठेवले गेले. त्यांचा आजचा नियम फेब्रुवारी १९९६ मधला आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. संगणक आणि मोबाइल एकाच वाय-फायवर पाहिजेत. संगणक शाळेच्या वाय-फायवर आणि मोबाइल स्वतःच्या सिमकार्डावर, असे चालणार नाही. दुसरे असे, की राउटर हे पत्ते उसने देतो. आजचा पत्ता उद्या बदलू शकतो. तेव्हा कालचा पत्ता फळ्यावर तसाच ठेवू नका; रोज एकदा पाहून घ्या.

आता गुरुजी खरा पत्ता लिहितात. तरी पान येत नाही! कारण पत्ता बरोबर असून भागत नाही, घरात कोणी हाक ऐकायलाही पाहिजे. पाने पुरवणाऱ्या कार्यक्रमाला सर्व्हर म्हणतात. पाने तयार करताना आपण जे लहान सर्व्हर वापरतो, ते पुष्कळदा मुद्दामच फक्त माजघरातली हाक ऐकतात. जँगो या साधनाचा चाचणी-सर्व्हर १२७.०.०.१ वर, ८००० या दारी बसतो. फ्लास्कचा ५००० या दारी. कच्चे काम चारचौघांना दिसू नये हाच त्यातला हेतू. ओटीवरची हाक त्याने ऐकावी असे वाटत असेल तर सुरू करतानाच त्याला ०.०.०.० असा आकडा द्यायचा. हा कोणाचा पत्ता नव्हे; ‘कुठल्याही बाजूने हाक आली तरी ओ दे’ एवढी ती सूचना आहे. म्हणून हे चार शून्य मोबाइलवर लिहू नयेत. तिथे संगणकाचा १९२.१६८ चाच पत्ता लिहायचा. जँगोत आणखी एक यादी असते. कोणत्या नावाने हाक मारली तर उत्तर द्यायचे याची ती यादी. तिच्यातही हा पत्ता घालावा लागतो. पायथनचा साधा सर्व्हर मात्र मुळातच सगळीकडची हाक ऐकतो.

पत्त्यामागून जो आकडा येतो तो दाराचा. त्याला पोर्ट म्हणतात. एका संगणकाला अशी पासष्ट हजारांवर दारे असतात. वेबपानांचे ठरलेले दार ८०. त्या दारी असाल तर आकडा लिहावा लागत नाही. दुसरे कोणते दार असेल तर दोन टिंबे देऊन तो आकडा लिहिलाच पाहिजे.

दाराशी राखणदारही असतो. त्याचे नाव फायरवॉल. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला की विंडोज विचारते, याला बाहेरच्यांशी बोलू द्यायचे का? घाईत आपण ‘नको’ म्हणतो, आणि राखणदार ते कायमचे ध्यानात ठेवतो. मग त्याच्या नियमांत जाऊन त्या कार्यक्रमाला परवानगी द्यावी लागते. शाळेचे वाय-फाय ‘खासगी’ म्हणून नोंदवावे आणि परवानगी तेवढ्यापुरतीच द्यावी. पुष्कळजण वैतागून राखणदारालाच घरी पाठवतात, म्हणजे फायरवॉल बंदच करतात. तसे करू नये. एका पाहुण्यासाठी गडगा पाडायचा नसतो, बेडे उघडायचे असते.

काही राउटर पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय देतात आणि त्यावरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. सगळे ठीक असून पान येत नसेल तर ही गोष्ट तपासा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावलात तर मोजकीच उपकरणे जोडता येतात. तेव्हा दोघा-तिघांत एक मोबाइल, असा वर्ग बसवावा. आणि ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही’ असे म्हणून मोबाइल परस्पर सिमकार्डाकडे वळत असेल, तर त्याचा मोबाइल डेटा तेवढा वेळ बंद ठेवा.

अडले तर शोध क्रमाने घ्यावा. आधी संगणकावरच लोकलहोस्ट लिहून पाहा. पान आले नाही तर सर्व्हरच सुरू नाही. मग संगणकावरच खरा पत्ता लिहून पाहा. आता अडले तर तो फक्त माजघरातली हाक ऐकतो आहे. मग मोबाइलवर पाहा; तिथे अडले तर दोष राखणदाराचा किंवा वाय-फायचा. पान येते पण चित्रे येत नाहीत, असे झाले तर पानाच्या आत कुठेतरी पुन्हा ‘लोकलहोस्ट’ लिहिलेले असेल. सर्वनाम पुन्हा घरात शिरले, एवढाच त्याचा अर्थ!

स्वतः पाने रचता येत नसतील तरी हरकत नाही. किविक्स नावाचा मोफत कार्यक्रम २००७ पासून आहे. त्यात विकिपीडिया एकदाच उतरवून घेता येतो आणि याच रीतीने वर्गाला देता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तोही असा घेता येतो. तालुक्याच्या गावी चांगली जोडणी मिळेल तिथे तो उतरवावा आणि शाळेत आणावा.

एक इशारा. हे चाचणी-सर्व्हर कुंपणाच्या आतल्या कामासाठी आहेत. जगासाठी दार उघडणे हे निराळे काम आहे, त्याला निराळी तयारी लागते; ते हौसेने करू नये. आतल्या आतसुद्धा फक्त धड्याचाच कप्पा उघडा ठेवा. मुलांचे गुण, पालकांचे फोन नंबर, स्वतःची कागदपत्रे त्या कप्प्यात नकोत. तास संपला की सर्व्हर बंद करावा.

आणि तास चालू असताना संगणक झोपी जाणार नाही हेही पाहा. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत चालवला. तो त्यांच्या मेजावरचाच संगणक होता, आणि ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. आपल्या शाळेतल्या संगणकावरही अशी चिठ्ठी मराठीत लावायला काय हरकत आहे? काम तेच आहे. एकाजवळचे पान दुसऱ्याने मागावे आणि त्याला ते मिळावे. मग पुढचे वादळ आले, मनोरा पुन्हा मुका झाला, तरी मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत धडा पोचेल.