जास्वंदीच्या बुडाशी

ये, इथे पायरीवर बस, पण हलू नकोस. तो बघ, तुझा 'हमिंगबर्ड'! निळाजांभळा, उन्हात कसा लखलखतोय. जास्वंदीच्या तोंडातून मधापर्यंत चोच पोचत नाही, म्हणून त्यानं सरळ फुलाच्या बुडाला भोक पाडलंय. गेला? आता ते फूल उलटं करून बघ. दिसलं बारीक भोक?

बाळा, हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, आणि एकूणएक अमेरिकेच्या दोन खंडांत. सगळ्यांत चिमुकला जेमतेम दोन ग्रॅमचा, तो क्यूबाबाहेर कुठेच नाही. भिलाईत दिसतो तो आपला शिंजीर. शेजारच्या काकू शक्करखोरा म्हणतात ना, तोच.

खूण पायांत शोधायची. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो; पंख पुढे जाताना त्याला उचलतात, तसेच मागे येतानाही. शिंजीर क्षणभर थरथरतो खरा, पण निवांत प्यायचं तर डहाळी घट्ट धरतो. दोघांचं घराणं निराळं, मधासाठी चोच तेवढी सारखी लांबली.

रंगावर मात्र विसंबू नकोस. विणीचा हंगाम सरला की हाच नर निळाई उतरवतो. पोट पिवळं, आणि गळ्यापासून खाली एकच काळसर पट्टा.

माझ्या आजोळी, आंबोलीला, याहून लहान शिंजीर यायचा. आठेक सेंटिमीटरचा, पाठ किरमिजी, डोकं हिरवं. त्याचा एक भाऊबंद हुबेहूब तसाच दिसतो, नर बघून माणूस फसतो. मग मादी बघायची: किरमिजीवाल्याच्या मादीला शेपटीच्या वर लाल ठिपका असतो, दुसरीला नसतो. दख्खनची पाहणी करणाऱ्या साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं 1832 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, 'मिनिमा', म्हणजे सर्वांत लहान. त्याला घाटातलं ओलं, गर्द रान लागतं. सह्याद्रीची रांग हेच त्याचं सगळं जग. इथे कितीही जास्वंदी लावल्या तरी तो यायचा नाही; त्याला भेटायला आपणच जायचं. मे महिन्यात नेईन तुला.

आणि ते तारेला लोंबतंय ना, ते कचऱ्याचं बोचकं नव्हे. घरटं आहे, कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं. दारावर इवलीशी छपरीसुद्धा आहे, आणि आत मादी बसलीय. पळ, आईला सांग, आज टॉवेल गच्चीवर वाळत घाल म्हणावं.